सीए फायनलचा एक ग्रुप राहिलाय. एवढ्या वर्षांनी पुन्हा बसावं का?

हळदबाजार

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात काम करते. टॅक्स ऑडिटचा फॉर्म ३सीडी मी भरते, जीएसटीची वार्षिक विवरणपत्रं मी करते, क्लायंटचे फोनही बहुतेक मीच घेते. सगळं तयार झालं की सर येतात, नजर टाकतात, सही करतात, यूडीआयएन (त्या सहीचा ऑनलाइन क्रमांक) काढतात. यात गैर काहीच नाही, पात्रता त्यांची आहे. पण गेल्या सप्टेंबरात रात्री अकराला एक क्लायंट म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सही करून टाका ना." मी हसले. घरी आल्यावर मात्र झोप लागली नाही.

माझा फायनलचा पहिला ग्रुप जुन्या अभ्यासक्रमात निघालाय. दुसरा काही केल्या निघाला नाही. शेवटचा अटेम्प्ट जीएसटी यायच्या आधीचा. गुण असे: कॉस्टिंग ३३, इस्का (माहिती यंत्रणांचा पेपर) ३६, डीटी (प्रत्यक्ष कर) ४१, आयडीटी (अप्रत्यक्ष कर) ४७. नंतर लग्न, मुलगी, सासूबाईंचं आजारपण, आणि पुस्तकं माळ्यावर गेली. मुलगी आता तिसरीत आहे.

पगारासाठी विचारत नाहीये. पगार थोडा वाढेल, नाही वाढला तरी चालेल. मला हवंय म्हणून हवंय. पुन्हा बसावं की हा विषय आता सोडून द्यावा?

एक विनंती: एडिसनचा बल्ब आणि भिंतीवरचा कोळी आणू नका. दोघंही सासऱ्यांकडून ऐकून झालेत.

पेठकर_पुणे

कोळ्याला कॉस्टिंग नव्हतं.

वर्‍हाडी_ठसका

ताई, काहून येवढा विचार करता? भरा न फॉर्म. मी बी ग्रुप दोनातच अडकून हावो. आमच्या घरी पाहुणे इचारतात, "काय करते पोरगा?" बाबा सांगतात, "सीए." "अजून?" मंग बाबा म्हणतात, सीए म्हणजे 'चालू आहे'.

निशिगंधा

ठसका, 😂😂

हळदबाजार, तुम्ही लिहिलंय "मला हवंय म्हणून हवंय". बायकांना हे वाक्य म्हणायला फार वर्षं लागतात. माझं मत: बसा.

जमाखर्च

मी सीए आहे, नाशिकला प्रॅक्टिस करतो. पहिल्या फटक्यात झालेला नाही, हे आधीच सांगतो. जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही ज्या ग्रुपात अडकलात तो ग्रुप आता अस्तित्वातच नाही. कॉस्टिंग आणि इस्का हे दोन पेपर तुम्हाला खाली ओढत होते. मे २०२४पासून जी नवी योजना आली, तिच्यात फायनलला आठऐवजी सहाच पेपर आहेत, प्रत्येक ग्रुपात तीन. दुसऱ्या ग्रुपात डीटी, आयडीटी आणि सहावा इंटिग्रेटेड बिझनेस सोल्यूशन्स. इस्का तर मधल्या योजनेतच गेला होता. कॉस्टिंग आता सेल्फ पेस्ड, म्हणजे आपल्या गतीनं करायच्या मोड्यूलमध्ये आहे. त्याची ऑनलाइन परीक्षा सोयीनं देता येते, ५० टक्के लागतात. सहावा पेपर केस स्टडीचा आहे, पुस्तकं घेऊन बसायची मुभा आहे. पण पुस्तकं नेता येतात म्हणून अभ्यास न करणाऱ्यांची त्यात पार वाट लागते, तेव्हा गाफील राहू नका.

आयडीटीचं बघा. तुम्ही बसलात तेव्हा तो पेपर एक्साइज, सर्व्हिस टॅक्स आणि कस्टम्सचा होता. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि एक्साइज-सर्व्हिस टॅक्स जवळजवळ निकालात निघाले. आज तुम्ही दिवसभर जे करता तेच पेपरात आहे. इनपुट टॅक्स क्रेडिट कुठे अडकतं हे तुम्हाला वर्गात बसलेल्या पोरापेक्षा नक्की जास्त कळतं.

डीटीत तर सगळ्यांचीच पाटी कोरी. १९६१चा कायदा जाऊन आयकर कायदा २०२५ आला, १ एप्रिल २०२६पासून लागू. कलमं ५३६. प्रीव्हियस इयर, असेसमेंट इयर हे सगळं जाऊन एकच 'टॅक्स इयर'. टीडीएसची जुन्या कलम १९४ची सगळी पिलावळ आता कलम ३९३मध्ये कोंबली आहे. मी स्वतः ऑफिसात तक्ता चिकटवून ठेवलाय, नाहीतर तोंडातून जुनाच आकडा येतो. तेव्हा "माझं सगळं विसरलं असेल" हे कारण निदान या पेपराला लागू नाही. परीक्षेला कोणता कायदा कोणत्या अटेम्प्टपासून, हे संस्थेच्या (आयसीएआयच्या) अधिसूचनेतच बघा, क्लासच्या जाहिरातीत नको.

आणि सगळ्यात आधी: फायनलची नोंदणी जिवंत आहे का, जुन्या अभ्यासक्रमातल्या पहिल्या ग्रुपची सूट नव्या योजनेत कशी धरतात, कुठले मोड्यूल करावे लागतील, हे संस्थेला मेल करून लेखी घ्या. लेखी उत्तर हातात आल्याशिवाय एकही पुस्तक घेऊ नका.

पेठकर_पुणे

म्हणजे ज्याच्याशी भांडण होतं तो भाडेकरू खोली सोडून गेला आणि या अजून जिन्यात उभ्या आहेत.

हळदबाजार

जमाखर्चदादा, कॉस्टिंग पेपरातून गेलं हे मला माहीतच नव्हतं! मी त्या बाजूला बघणंच बंद केलं होतं. ऑफिसातली आर्टिकलची (सीएची उमेदवारी करणारी) मुलं काय काय बोलत असतात, मी मुद्दाम कान बंद ठेवायचे.

शून्य_शिल्लक

दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितोय. मी थांबलेला माणूस आहे.

कोल्हापूरजवळ शिरोलीत एका फाउंड्रीत अकाउंट्स सांभाळतो. इंटर झालं, आर्टिकलशिप झाली, फायनल नाही. अटेम्प्टचा आकडा सांगत नाही, लाज वाटते म्हणून नव्हे, लोक आकडा ऐकून चुकचुकतात म्हणून. त्या काळात माझं आयुष्य सहा-सहा महिन्यांच्या तुकड्यांत होतं. चुलतभावाचं लग्न? परीक्षा झाल्यावर भेटू. आईचं मोतीबिंदू? निकाल लागू दे. मुलगी बघायला जायचं? आधी ग्रुप निघू दे. दर वेळी क्लास नवा, नोट्स नव्या, आणि त्या वाचणारा मी मात्र तोच.

ज्यांचं झालं ते येऊन गोष्ट सांगतात. ज्यांचं झालं नाही ते अशा धाग्यांवर फिरकत नाहीत. नोव्हेंबर २०२३ला दोन्ही ग्रुपला मिळून बसलेल्यांपैकी ९.४२ टक्के पास झाले. त्यानंतरच्या मेमध्ये १९.८८. चांगल्या अटेम्प्टलाही हॉलमधल्या पाचांतले चार बाहेर. त्या चौघांनी कष्ट केले नव्हते का?

थांबलो त्या दिवशी मी वडिलांना सांगितलं आणि ते म्हणाले, "बरं. आता जेवायला बस." एवढंच. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. आज मला एका गोष्टीचंही वाईट वाटत नाही. हळदबाजार ताई, बसू नका असं म्हणत नाही. पण थांबणं म्हणजे हरणं असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

निशिगंधा

शून्य, तुमचं पटलं, पण तुमच्या आणि त्यांच्या परिस्थितीत फरक आहे. तुमचं सगळं आयुष्य निकालापाशी अडलं होतं. त्यांचं नाही अडलेलं. नोकरी आहे, घर आहे, मुलगी आहे. त्या नापास झाल्या तरी दुसऱ्या दिवशी डबा भरून ऑफिसलाच जाणार आहेत.

शून्य_शिल्लक

मान्य. पण "घर आहे, मुलगी आहे" म्हणूनच तर वेळ कुठून येणार ते विचारतोय. अभ्यास पहाटे चारला होणार, आणि पहाटे चारला कोण उठणार ते आपल्याला माहीत आहे. नवरे अशा धाग्यांवर लाइक करतात, कणीक मळत नाहीत.

निशिगंधा

हे मात्र शंभर टक्के.

आजोबा_बँकवाले

आमच्या काळी बँकेत सीएआयआयबीच्या परीक्षा असत. मी वयाच्या पन्नाशीत शेवटचा पेपर सोडवला. इन्क्रिमेंट मिळून दोनच वर्षांत निवृत्त झालो, त्यामुळे आर्थिक लाभ किरकोळ. पण निकालाच्या दिवशी सौ.ने बासुंदी केली होती.

रंकाळा

आजोबा, बासुंदीला किती दूध आटवलं ते पण सांगा, पाककृती विभागात धागा काढू.

अंबाडीची_भाजी

थोडं अवांतर. मी फायनलला आहे, पहिल्यांदाच बसणार. दोन्ही ग्रुप एकदम द्यावेत की एकेक? घरचे म्हणतात एकेक घे, झेपेल तेवढं.

जमाखर्च

अंबाडी, यावर स्वतंत्र धागा होईल. थोडक्यात: प्रत्येक पेपरात ४० आणि ग्रुपची बेरीज ५० टक्के, म्हणजे तीन पेपरांत १५०. ४४, ४६, ५२ असे पडले तर तिन्ही पेपर सुटूनही बेरीज १४२, ग्रुप गेला. दोन्ही ग्रुप एकदम दिले तर एका ग्रुपातले जादा गुण दुसऱ्याची तूट भरून काढतात, त्याला सगळे सेट ऑफ म्हणतात. तो फायदा एकेक ग्रुप देणाऱ्याला नाही. पण सहा पेपरांची तयारी खरोखर होत असेल तरच. नुसता सेट ऑफच्या आशेवर बसलेला माणूस दोन्ही ग्रुप घालवून येतो.

वर्‍हाडी_ठसका

मले एक्झेम्प्शन, म्हंजे तो पेपर पुन्हा न द्याची सूट, लागलं होतं आयडीटीत, ६१. मंग काय, डोक्यात हवा. बाकीच्यात कमी पडले. 'एक पेपर तर सुटला न' करत करत तीन अटेम्प्टची मुदत बी संपत आली.

जमाखर्च

ठसका, नव्या योजनेत मुदत संपल्यावर ते एक्झेम्प्शन कायमचं करून घेता येतं. पण मग उरलेल्या प्रत्येक पेपरात ४० नव्हे, ५० लागतात. घ्यायच्या आधी नीट विचार करा.

आता मूळ प्रश्नाकडे. शून्य यांनी वर "वाचणारा मी मात्र तोच" असं लिहिलंय. मला या धाग्यातलं तेच वाक्य सगळ्यात मोलाचं वाटलं. नापास झाल्यावर बहुतेक जण काय करतात? जास्त तास बसतात. दहाचे बारा. पण गुण कुठे गेले ते कोणी बघतच नाही.

संस्था उत्तरपत्रिकेची सर्टिफाइड कॉपी देते. पेपरमागे ५०० रुपये भरून मी मागवली होती. व्हेरिफिकेशन वेगळं, त्यात फक्त बेरीज आणि तपासायचं राहिलेलं उत्तर बघतात, पुन्हा तपासत नाहीत. कॉपीमुळे गुण वाढत नाहीत, पण आरशात तोंड दिसतं. माझ्या ऑडिटच्या पेपरात मी जवळपास प्रत्येक उत्तर 'माझ्या भाषेत' लिहिलं होतं. स्टँडर्डचं नाव नाही, त्यातला नेमका शब्द नाही, आणि दोन ठिकाणी निष्कर्षच नाही. म्हणजे माहिती होती, पण परीक्षकाला गुण द्यायला जागाच ठेवली नव्हती. डीटीत तर मजाच. गणितं बरोबर, पण वर्किंग नोट्स मागच्या पानावर, मुख्य उत्तरात त्यांचा उल्लेखच नाही. आकडा चुकला तिथे पायरीचे गुणही गेले. आणि शेवटचा १४ गुणांचा प्रश्न कोरा, कारण पहिल्या प्रश्नाला मी तास घालवला होता.

तोवर मी माझ्या नापास होण्याचं कारण 'पेपर कठीण निघाला' असं सांगायचो. सगळे तेच म्हणतात, त्यामुळे कोणी उलटतपासणी घेत नाही. त्यानंतर मी नवीन काही वाचलं नाही. घड्याळ लावून जुने पेपर पूर्ण लिहिले. फक्त लिहिले.

पेठकर_पुणे

फक्त वाचनानं सीए होता आलं असतं तर आप्पा बळवंत चौकातले निम्मे दुकानदार सीए असते.

दुबईतला_दगडू

मी पण अर्धवट सीए, इथे फायनान्स मॅनेजर आहे. इंटरवरून एसीसीएच्या (ब्रिटनची अकाउंटन्सी पात्रता) काही पेपरांतून सूट मिळाली, ते केलं. नोकरीत फरक पडला नाही. पण गावाकडे अजून "सीएचं काय झालं?" विचारतात. मी सांगतो, एसीसीए झालं. ते म्हणतात, "ते ठीक, पण सीएचं?"

रंकाळा

"ते ठीक, पण सीएचं?" 😂 ही महाराष्ट्राची राष्ट्रीय चौकशी आहे. आधी "लग्नाचं?", मग "गोड बातमीचं?", मधे "सीएचं?".

संपादक

हलकंफुलकं चालू द्या, पण मूळ धागा भरकटू नये. पाककृतीवाल्यांना कृपया वाट दाखवा.

शून्य_शिल्लक

जमाखर्च, सर्टिफाइड कॉपीबद्दल प्रामाणिकपणे सांगतो: मी कधी मागवली नाही. माहीत होतं, पण मागवली नाही. त्यात काय दिसेल याचीच भीती होती बहुतेक. तरीही मुद्दा सोडत नाही. कॉपी मागवूनही निकाल तोच आला तर?

जमाखर्च

तर थांबावं. माझं मोजमाप साधं आहे: प्रत्येक वेळी नापास व्हायचं कारण वेगळं असेल तर माणूस पुढे सरकतोय. पहिल्या वेळी वेळ पुरला नाही, दुसऱ्या वेळी वेळ पुरला पण निष्कर्ष चुकले, तर ठीक आहे. दोनदा तेच कारण आलं तर अटेम्प्ट वाढवण्यात अर्थ नाही, मग ते पहाटे चारला उठून केलेले असोत की रात्री बाराला.

शून्य_शिल्लक

हे मोजमाप मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर दोन वर्षं आधी थांबलो असतो. 😀

निशिगंधा

किंवा पास झाला असता.

शून्य_शिल्लक

तेही खरं. पण मग हिच्याशी लग्न झालं नसतं, त्यामुळे जाऊ दे.

हळदबाजार

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. शून्यदादा, तुमचा सगळ्यात जास्त वेळा. पुस्तकं माळ्यावर टाकताना मी 'तात्पुरतं' म्हणाले होते, त्यामुळे ना धड थांबले, ना धड चालू ठेवलं. तुम्ही निदान सांगून थांबलात.

जुन्या उत्तरपत्रिका आता मिळणार नाहीत, एवढी वर्षं झाली. पण जमाखर्चदादांनी सांगितलेलं करून बघितलं. काल रात्री मुलगी झोपल्यावर संस्थेच्या साइटवरून आयडीटीचा एक जुना पेपर घेतला आणि घड्याळ लावून वर्णनात्मक भाग लिहिला. सजेस्टेड ॲन्सर्सशी ताडून बघितला. माहिती जवळजवळ सगळी होती. पण मी उत्तरं क्लायंटला फोनवर समजावल्यासारखी लिहिते: आधी निष्कर्ष, मग कारण, कलम तर नाहीच. ऑफिसात ते चालतं, उलट तेच हवं असतं. पेपरात मात्र तरतूद, मग घटना, मग निष्कर्ष. सर कधीतरी माझ्या मसुद्यांवर लाल पेनानं "कलम?" असं लिहितात, ते आठवलं.

मेल केलाय. नोंदणीची मुदत संपलेली दिसतेय, रिव्हॅलिडेशन करावं लागेल. त्याचं उत्तर आलं की पुढचं.

जमाखर्च

उत्तम. हे एका रात्रीत कळलं, क्लासला पैसे देऊन कळलं नसतं.

आता महिना निवडा. २०२५पासून फायनल वर्षातून तीनदा आहे: जानेवारी, मे, सप्टेंबर. तुम्ही ऑफिसात आहात म्हणजे सप्टेंबर विसरा. ३० सप्टेंबरची टॅक्स ऑडिटची मुदत असते, त्याच महिन्यात पेपर म्हणजे दोन्हीकडची बोंब. जानेवारीच्या आधी ३१ डिसेंबरला जीएसटीआर-९, म्हणजे जीएसटीच्या वार्षिक विवरणपत्राची मुदत. राहिला मे. मार्चअखेर संपली की एप्रिलभर सुट्टी मागा. आत्ताच मागा, मार्चमध्ये नको. मोड्यूल त्याआधी उरकून टाका.

निशिगंधा

आणि सुट्टी फक्त ऑफिसातून नको. घरातूनही. लेखी. 😀

पेठकर_पुणे

यूडीआयएनसह.

हळदबाजार

निशिगंधा, धागा नवऱ्याला वाचायला दिला. कणकेच्या वाक्यावर बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "पोळ्या जमणार नाहीत, भाकरी जमेल." सांगलीत चालतंय.

सासरे म्हणाले, त्या कोळ्याची गोष्ट पुन्हा सांगू का. नको म्हटलं.

आजोबा_बँकवाले

सूनबाई, सासऱ्यांना गोष्ट सांगू द्या. दोन मिनिटं जातात. नातीचा अभ्यास घ्यायचं काम त्यांच्याकडे द्या म्हणजे त्यांना श्रोताही मिळेल.

वर्‍हाडी_ठसका

ताई, मी बी मे महिन्यालेच बसतो. मले लिहून पाहायला कोणीतरी पाहिजे, एकट्यानं घड्याळ लावलं की मी घड्याळच बंद करतो. दर रविवारी सकाळी एक पेपर, तुम्ही तिकडे, मी नागपुरात, संध्याकाळी एकमेकाचा तपासू. चालते का? फक्त मार्क देतानी आपली सांगली मोठ्या मनाची ठेवजा.

हळदबाजार

चालतंय. पण मार्क नाही वाढवून देणार, कलम नसेल तर शून्य. पहिला पेपर डीटी, नव्या कायद्यावरचा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

शून्य_शिल्लक

तिसरा तपासनीस हवा असेल तर सांगा. बसणार नाहीये. फक्त लाल पेन आहे माझ्याकडे.

जमाखर्च

शून्य, ३९३चा तक्ता पाठवतो, आधी तो पाठ करा. नाहीतर तुम्ही १९४ लिहिणाऱ्याला बरोबर द्याल.